खोक्यातलं सिम

डोंगरकडा गावाभोवतीच्या केळीच्या पट्ट्यात ‘लाईन कधी आहे?’ हा प्रश्न रोजचाच. शेतीपंपाला वर्षानुवर्षं पाळीनं वीज. कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १०. मध्यरात्री विंचूकाट्यातून विहिरीवर जाणं टळावं म्हणून मोबाईल स्टार्टर आला: फोनवरून मोटर चालू करणारं, सिम घातलेलं खोकं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या स्टार्टरला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. पुढे अशी खोकी आणखी बऱ्याच जणांनी काढली. मिस कॉल द्या, मोटर चालू.

सुरुवातीच्या काळातली तक्रार ठरलेली असायची: ‘खोकं चालूच होईना.’ आत बहुधा सिमकॉम कंपनीचं ९०० किंवा ८०० जातीचं टू-जी मॉड्यूल. ८०० ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. मीटर लावला तर चार व्होल्ट नीट दिसतात, तरी मॉड्यूलचा दिवा दोनदा लुकलुकून विझतो. टॉवरशी बोलताना हे मॉड्यूल जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाच्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बॅटरी उतरलेली, वायर बारीक, नाहीतर कपॅसिटर फुगलेला असला की तेवढ्या क्षणात व्होल्टेज कोसळतं. मॉड्यूल पडतं, उठतं, परत पडतं. साध्या मीटरला हा झटका पकडताच येत नाही, म्हणून धडधाकट मॉड्यूलं ‘जळाली’ म्हणून बदलली गेली. जाड वायर आणि मॉड्यूलच्या पिनांना अगदी खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर त्यातली कितीतरी उठली असती.

दुसरी खोड मॉड्यूलच्या पॉवर-की या पिनेची. नुसता सप्लाय दिला म्हणून मॉड्यूल जागं होत नाही. ती पिन सेकंदभर ग्राउंडला धरावी लागते. गंमत अशी, की ते आधीच चालू असेल तर त्याच धरण्यानं बंद होतं. लाईन ये-जा करत असली की मॉड्यूल चालू आहे की बंद, हा खोक्यातल्या कंट्रोलरचा हिशेब इथेच चुकायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तक्रार तीच राहून रोग बदलला. स्वस्त म्हणून खोक्यात जिओचं सिम गेलं. पण जिओकडे टू-जी नाहीच. ‘खोकं मेलं’ म्हणून फोन यायचे, आणि दिवा तर सेकंदाला एकदा नेमानं लुकलुकत असायचा. म्हणजे मॉड्यूल जिवंत, नेटवर्क शोधतंय. नेटवर्क सापडलं की लुकलुक तीन सेकंदांवर जाते. पेटी उघडण्याआधी हा दिवा बघितला असता तर निम्म्या चकरा वाचल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

आता फोर-जी खोकी आली आहेत. कुसुम योजनेतल्या सौर पंपांच्या कंट्रोलरलाही देखरेखीसाठी सिम असतं. फोर-जीवर तो २ अँपिअरचा झटका नसतो. पण यातली बरीच मॉड्यूलं रेंज कमी झाली की टू-जीवर उतरतात, तो झटका परत येतो, आणि कपॅसिटर लहान टाकलेला असेल तर तिथेच बंद पडतात.