विश्लेषण : संगीत शिकणाऱ्यांसाठी सरकारी पैसा आहे, अर्ज अडतो कुठे?

गुरूकडे आठ-दहा वर्षे गाणे किंवा तबला शिकलेल्या मुलाकडे तालीम असते, पावती नसते. फी बहुतेकदा रोख दिली जाते, हजेरीपट कोणी ठेवत नाही आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचे फोटो कोणाच्या तरी जुन्या मोबाइलमध्ये राहून जातात. सरकारी शिष्यवृत्ती मात्र कागदावर चालते. दहा वर्षांच्या मुलापासून साठीपुढच्या कलावंतापर्यंत केंद्र आणि राज्याच्या योजना आहेत. त्यात किती पैसे मिळतात आणि अर्ज कशामुळे मागे पडतो?

शाळकरी मुलांना काय मिळते?

दिल्लीतील सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र म्हणजेच ‘सीसीआरटी’ १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी प्रतिभा शोध शिष्यवृत्ती देते. देशभरात वर्षाला ६५० जागा असतात. त्यातील १२५ जागा पारंपरिक कला जपणाऱ्या घरांतील मुलांसाठी, तर १०० आदिवासी मुलांसाठी राखीव असतात. वडील गोंधळ घालतात किंवा दशावतारात उभे राहतात, अशा घरांनी यातली पहिली तरतूद लक्षात ठेवावी.

रक्कम वर्षाला ३६०० रुपये. शिवाय गुरूला दिलेली फी वर्षाला कमाल ९००० रुपयांपर्यंत परत मिळते. महिन्याचे ३०० रुपये म्हणजे तबल्याची एक चांगली पुडी बदलायलाही कमीच. तरी अर्ज करावा, कारण एकदा निवड झाली की दर दोन वर्षांनी नूतनीकरण होत पहिल्या पदवीपर्यंत किंवा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ही मदत सुरू राहू शकते. चौदावे वर्ष उलटले की हे दार बंद होते आणि केंद्राची वैयक्तिक शिष्यवृत्ती पुन्हा थेट अठराव्या वर्षी समोर येते. मधली वर्षे दहावी-बारावीची. ‘आता पेटी ठेव आणि क्लासला जा’ असे घरात ऐकू येते, ते नेमके याच वयात.

अठराव्या वर्षानंतर?

१८ ते २५ वर्षे वयाच्या तरुण कलाकारांना केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय दोन वर्षे दरमहा ५००० रुपये देते. वर्षाला अशा ४०० शिष्यवृत्त्या असतात. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला, लोककला असे विषय त्यात येतात. राहणे, प्रवास, पुस्तके, साहित्य आणि फी हे सगळे याच रकमेत भागवायचे. पुण्या-मुंबईत गुरूजवळ खोली घेऊन राहणाऱ्याला हे कसे जमावे, हा प्रश्न आहेच. त्यात पैसे दरमहा न येता सहामाही हप्त्यांत येतात. पहिल्या हप्त्यापर्यंतची सोय घरूनच करावी लागते. शिष्यवृत्तीधारकाने रोज किमान तीन तास रियाज करावा, अशी अपेक्षा नियमांतच आहे. सरकारी नियमात रियाजाचे तास मोजलेले सहसा दिसत नाहीत!

त्यापुढे कनिष्ठ आणि ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती आहेत. २५ ते ४० या वयात दरमहा १० हजार, चाळिशीनंतर २० हजार, दोन्ही दोन वर्षांसाठी. पण त्या कलेविषयीच्या प्रकल्पासाठी असतात, शिकण्यासाठी नव्हे.

मग अडचण कागदाची कशी?

तरुण कलाकार शिष्यवृत्तीसाठी गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. विद्यार्थ्याने मधेच गुरू बदलला असेल, तर पहिल्या गुरूंकडे पुन्हा जावे लागते. ते हयात नसतील किंवा मन दुखावले असेल, तर ती वर्षे सिद्ध करणे कठीण. गुरू स्वतः कोणत्याही संस्थेशी जोडलेले नसतील, तर त्यांच्या साध्या कागदावरच्या सहीचे वजन किती मानायचे, हे तपासणाऱ्यावर राहते.

यावर घरगुती उपाय आहे, पण तो अर्जाच्या आदल्या आठवड्यात करता येत नाही. दरवर्षी गुरूंकडून तारखेसह एक ओळीचा दाखला घ्यावा. फी शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी. कार्यक्रमाची पत्रिका आणि बातमीचे कात्रण एका फाइलमध्ये लावावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा घराण्याच्या तालमीला पर्याय नाहीत, असे अनेक जाणकार म्हणतात. ते खरेही आहे. पण त्या वर्षागणिक एक छापील पुरावा देतात आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीलाही मिळतात.

गुरू आणि संस्थांसाठी काय?

गुरू-शिष्य परंपरा योजनेत केंद्र गुरूला दरमहा १५ हजार, तर शिष्याला वयानुसार २ हजार ते १० हजार रुपये देते. मधल्या वयातील मुलांना इथे जागा आहे. १२ ते १८ वर्षांच्या शिष्याला साडेसात हजार मिळतात. मात्र अर्ज संस्थेने करायचा. ती नोंदणीकृत हवी आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरही तिची नोंद हवी. गल्लीतला उत्तम क्लास इथेच मागे पडतो.

न्यास नोंदवला तर आणखी एक वाट उघडते. कंपनी कायदा २०१३ नुसार कला-संस्कृतीवरचा खर्च कंपन्यांच्या सीएसआरमध्ये धरला जातो. त्यासाठी संस्थेकडे १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ या नोंदण्या लागतात. ८०जी असेल तर छोट्या देणगीदारालाही करसवलत मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत आणि रोख देणगी २००० रुपयांपुढे नसेल तरच.

खासगी आधाराची उदाहरणे मोजकी आहेत. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी १९७७ पासून निवडक शिष्यांना गुरूंच्या सहवासात ठेवून शिकवते. उल्हास कशाळकर यांनी तिथे दीर्घकाळ तालीम दिली.

उतारवयात?

राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना दरमहा ५००० रुपये देते. २०२४ पर्यंत कलावंतांचे अ, ब, क असे तीन वर्ग होते आणि ‘क’ वर्गाला २२५० रुपये मिळत. ते वर्ग आता गेले. वयाची अट ५० वर्षे, दिव्यांगांना ४०. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कलेतील किमान १५ वर्षांचे योगदान हवे. केंद्राची वेगळी योजना साठीपुढच्यांना दरमहा ६००० रुपयांपर्यंत देते. तिथे उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार आहे.

आधार, रहिवासी दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला महिन्याभरात गोळा होतो. पंधरा वर्षांच्या योगदानाचे मात्र तसे नाही. गावोगाव भारूड केलेल्या किंवा फडात ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे जत्रेच्या पंचांनी हातावर ठेवलेल्या बिदागीची नोंद कुठे असणार? अशा वेळी जत्रेचे जुने हँडबिल, ग्रामपंचायतीचे पत्र, वर्तमानपत्रातील कात्रण जे सापडेल ते जोडावे लागते. म्हातारपणी ही शोधाशोध बहुधा मुलगी किंवा सून करते, आणि तिला हँडबिलावर नाव सापडते ते फडमालकाचे.