निवडणुकीच्या आधीची निवडणूक

पाचूबंदरच्या होड्या दर्यात असता किनाऱ्यावर सभा भरवून 'गावाचे मत' घेतले, तर त्यास न्याय कोण म्हणेल? परंतु अध्यक्षपदाचे उमेदवार ठरविण्याच्या कामी असाच प्रकार घडतो. अमेरिकेतील आयोवा संस्थानात २०१२ साली रिपब्लिकन पक्षाने अशा सभा सायंकाळी भरविल्या. जो जातीने हजर त्यासच मत. रात्रपाळीच्या मजुराने काय करावे? सुमारे १ लाख २१ हजार मते पडली. प्रथम रोम्नी ८ मतांनी पुढे म्हणून पुकारा झाला. पुढे तपासाअंती सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले!

तरी तेथे सामान्य माणसास दार उघडे तरी होते. आमच्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ९,३८५ मते पडली; खर्गे यांस ७,८९७ व थरूर यांस १,०७२. यादीतील शेकडा नव्वदांहून अधिकांनी मत दिले, हे भूषणावह खरे. पण ती यादीच मुळी दहा हजारांच्या आतली! तीत शिरकाव कोणाचा, हाच खरा प्रश्न होय.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, प्रत्येक पक्षाने मतदारांची यादी आधी प्रसिद्ध करावी, कष्टकऱ्यांस सोयीची वेळ ठेवावी, आणि नगरसेवकाचा उमेदवारदेखील सभासदांच्या गुप्त मतानेच ठरवावा. आमचे व्यापारी बंधू दुसऱ्याने लिहिलेल्या खतावर न वाचता सही करीत नाहीत. मग दुसऱ्याने निवडलेल्या नावांवरच मुकाट्याने शिक्का का मारावा?