धण्याचा वास कुठे गेला?

'बिरा'च्या पडझडीची चर्चा ताळेबंदापाशी अडकली आहे. बेल्जियममधल्या एका दूधवाल्याची गोष्ट ती टाकीपर्यंत घेऊन जाते.

मे महिन्यातली दुपार होती. मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात वर्षाच्या मसाल्याचे धणे भाजणं चाललं होतं. पुण्याहून आलेल्या भाच्याने फ्रिजमधली गव्हाची बिअर उघडली, ग्लासात ओतली, ग्लास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. "मामा, या जातीच्या बिअरमध्ये धणे असतात ना? इथे तर फक्त मामीच्या कढईतले येतायत." मी वास घेतला. ओल्या पुठ्ठ्याचा होता.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. आता 'बिरा ९१'च्या बातम्यांनी तो पुन्हा वर आणला. कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' हा शब्द गेला, राज्यांच्या अबकारी खात्यांनी तिला नवी कंपनी मानलं, लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली, कित्येक महिने विक्री अडली आणि सुमारे ८० कोटींचा माल वाया गेला, हे आपण सगळ्यांनी वाचलं. २०२३-२४ मध्ये ६३८ कोटींच्या महसुलावर ७४८ कोटींचा तोटा, हेही वाचलं. पण या सगळ्या चर्चेत बिअर कुठे आहे? एका पेयावर उभा राहिलेला हा उद्योग, आणि त्या पेयाच्या चवीबद्दल कुणी चार ओळी लिहायला तयार नाही.

'बिरा व्हाइट' २०१५ मध्ये दिल्लीत आली तेव्हा ती बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये बनून येत होती. मागणी वाढली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन इंदूरला सुरू झालं. 'ती पहिली बाटली काही वेगळीच होती' असं सांगणारे दिल्लीत आजही भेटतात. त्यांच्या जिभेची साक्ष कोर्टात टिकणार नाही. पण ज्या शैलीची ती बिअर आहे, त्या शैलीच्या बाबतीत हेच पूर्वी घडलं आहे, आणि ते नोंदलेलं आहे.

दूधवाल्याची बिअर

ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. एके काळी या गावात तीसच्या वर बिअरच्या भट्ट्या होत्या. साधा, माल्ट न केलेला गहू, सातूचं माल्ट, धणे आणि संत्र्याची सुकवलेली साल यांची ढगाळ, पांढुरकी बिअर ही गावाची ओळख. पुढे लखलखीत सोनेरी लागर बिअरने बाजार खाल्ला. १९५० च्या दशकात गावातली शेवटची भट्टी विझली आणि पांढरी बिअर संपली.

पिएर सेलिस त्या गावात दूध घालायचे. मुलगा असताना त्यांनी शेजारच्या भट्टीत हाताखाली काम केलं होतं आणि ती चव त्यांच्या लक्षात होती. चाळिशीत पोचल्यावर, १९६६ मध्ये, त्यांनी ती पुन्हा बनवायला घेतली. आज जगभर जिला बेल्जियन गव्हाची बिअर म्हणतात, पुण्याच्या आणि गुरुग्रामच्या पबमध्ये जिचा नळ हमखास असतो, ती या एका माणसाच्या आठवणीतून परत आली आहे.

१९८५ मध्ये सेलिस यांच्या कारखान्याला आग लागली. विमा पुरेसा नव्हता. ल्यूव्हेनच्या स्टेला आर्त्वा कंपनीने पैसा दिला आणि पैशाबरोबर हिस्सा घेतला. थोड्याच काळात ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळून 'इंटरब्रू' झाली. आता हिशेब पाहणारी माणसं नवी होती. पाककृती बदलण्यासाठी आपल्यावर दबाव येतो, असं सेलिस सांगत. १९९० मध्ये ते बाहेर पडले.

वयाची पासष्टी ओलांडलेला हा माणूस अमेरिकेला गेला आणि १९९२ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्याने तीच बिअर नव्याने सुरू केली. चुनखडीच्या खडकातून आलेलं तिथलं पाणी त्यांना गावच्या पाण्यासारखं वाटलं होतं. तिथेही भांडवल लागलं. १९९५ मध्ये मिलर ही बलाढ्य कंपनी आत आली आणि काही वर्षांत तो कारखाना बंद झाला. एकाच माणसाच्या हातून एकच बिअर दोनदा गेली. सेलिस २०११ मध्ये वारले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी कंपनी सोडल्यावर गावात घडलेला भाग. २००५ मध्ये, तोवर 'इनबेव्ह' झालेल्या मालक कंपनीने हूगार्डनचा कारखाना बंद करून उत्पादन लिएजजवळच्या जुपिल इथल्या मोठ्या कारखान्यात न्यायचं ठरवलं. गावकरी आणि कामगार रस्त्यावर आले. आणि जुपिलच्या अद्ययावत टाक्यांमध्ये ती चव काही नीट जमेना. २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला आणि बिअर गावातच राहिली.

चव नेमकी कुठून गळते?

पहिली गळती वेळेची. ताज्या आंबवलेल्या बिअरमध्ये डायअॅसिटिल नावाचं द्रव्य असतं. त्याला लोण्यासारखा वास येतो. टाकीत आणखी काही दिवस मिळाले, तर यीस्ट ते स्वतःच शोषून घेतं आणि बिअर स्वच्छ होते. टाकी लवकर रिकामी केली, तर लोण्याचा वास बाटलीत जातो. हे वाट पाहण्याचे दिवस ताळेबंदात 'टाकी अडकून पडली' असे दिसतात. बिअर करणाऱ्याच्या लेखी तेच खरं काम असतं.

दुसरी गळती पाण्याची. मोठ्या कारखान्यांत बिअर आधी घट्ट बनवायची आणि शेवटी पाणी घालून हव्या त्या तीव्रतेला आणायची, ही सर्रास रीत आहे. तेवढ्याच टाकीतून जास्त माल निघतो. साध्या लागरला ते खपून जातं. धण्याचा आणि सालीचा वास मुळातच हलका, त्याला हे फार सोसत नाही.

तिसरी गळती उष्णतेची, आणि ती दिल्लीची खास आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ट्रकमध्ये उभी राहिलेली बिअर भराभर म्हातारी होते. तिच्यात जो ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, त्यामागे जुन्या बिअरमधलं एक ठरावीक रसायन असतं. शिवाय बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सवर ऊन पडलं की वेगळीच दुर्गंधी सुटते, म्हणून बाटली तपकिरी असते. आमच्या घरातली ती बाटली कारखान्यात बिघडली की रस्त्यात, हे मी आज सांगू शकत नाही. मात्र गावातल्या गावात विकली जाणारी बिअर देशभर पाठवायची म्हटली, की हा रस्ता तिच्या पाककृतीचाच भाग होतो.

मोठ्या कंपनीकडे याची उत्तरं असतात, हे मान्य करायला हवं. तिच्या प्रयोगशाळा चांगल्या असतात, यीस्ट शुद्ध असतं, आणि हजारावी बाटली पहिलीसारखीच लागते. शिकागोच्या 'गूस आयलंड' या बिअर कारखान्याला २०११ मध्ये अॅनहायझर-बुश या बड्या कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतलं, तेव्हा हेच सांगितलं गेलं. '३१२' ही त्यांची गव्हाची बिअर. ३१२ हा शिकागोचा फोन कोड, जसा ९१ आपला. तिचं उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या बाल्डविन्सव्हिलला गेलं. शहराचा कोड लेबलवर राहिला, बिअर शहरात राहिली नाही. २०१५ च्या त्यांच्या पिंपात मुरवलेल्या महागड्या बिअरमध्ये जिवाणू शिरले आणि कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले. पैसे परत दिले हे चांगलंच केलं. पण बाटल्या तोवर घरोघरी पोचल्या होत्या.

बॅच ओतून कोण देणार?

लहान भट्टीत बिअर करणारा रोज टाकीतून घोटभर काढून चाखतो. नाही जमलं, तर बॅच गटारात ओततो आणि त्या महिन्याचं नुकसान सोसतो. हा 'ओतून देण्याचा' अधिकार म्हणजेच क्राफ्ट, असं माझं मत बनलं आहे. कंपनी विकली जाते तेव्हा पाककृतीचा कागद बहुधा तसाच राहतो. हा अधिकार मात्र अशा टेबलाकडे जातो, जिथे बसलेल्या कुणीही सकाळी टाकीपाशी उभं राहून घोट घेतलेला नसतो.

त्यासाठी कंपनी पूर्ण विकली जावी लागते असंही नाही. 'बिरा'मध्ये गुंतवणूकदार म्हणून सिकोया आली, सोफिना आली, २०२१ मध्ये जपानची किरिन आली. गुंतवणूक आली की वाढ दाखवावी लागते, वाढीसाठी नवी राज्यं, नव्या राज्यांसाठी नवे कारखाने. दारू हा राज्यांच्या यादीतला विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचं लेबल आणि कर वेगळा. या शर्यतीत एका शब्दाच्या बदलाने कंपनी महिनोन्‌महिने ठप्प होते, तेव्हा टाकीतल्या दिवसांकडे पाहायला उसंत कुणाला मिळत असेल?

याच्या उलट पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. तिथे टाकी आणि ग्लास एकाच छताखाली होते. चव बिघडली तर गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी समोर उभं राहून सांगणार. भाच्याची जीभ तिथेच तयार झाली आहे, म्हणून त्याला ते एका घोटाआधीच कळलं.

दिल्लीत २०२२ च्या सप्टेंबरपासून बाटलीबंद दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळांच्या दुकानांतून होते. तिथल्या रांगेत चवीबद्दल बोलायला समोर कुणी नसतं. मग आपल्या हातात काय उरतं? लेबल. उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचा पत्ता त्यावर असतो, पण इतक्या बारीक अक्षरांत की मला फोनचा दिवा लावावा लागला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) बाटलीवरच्या इशाऱ्याचा मजकूर ठरवून दिला आहे. तसाच कारखान्याच्या गावाचं नाव आणि महिना ठळक छापायचाही नियम करावा. हूगार्डनची बिअर गावात राहिली, कारण ती कुठे बनते हे गावाला माहीत होतं आणि दुसरीकडे बनलेली ओळखणारी जीभ तिथे होती.

त्या दुपारी आम्ही ग्लास बेसिनमध्ये ओतला. भाच्याने बाटली दिव्याखाली धरून तारीख वाचली. पाच महिन्यांपूर्वीची होती. दुकानात उभा असताना मी ती पाहिलीच नव्हती. आता पाहतो, आणि जुनी असेल तर परत ठेवतो.