दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली काय?

व्यापारी घराला दाढदुखीसाठी सवड अशी कधीच नसते. दिवाळीची गर्दी असते, लग्नसराईचा माल यायचा असतो, नाहीतर वर्षअखेरचे हिशेब पुरे करायचे असतात. मग लवंगेच्या तेलाचा बोळा, एखादी वेदनाशामक गोळी आणि ‘सीझन संपला की दाखवू’ असा ठराव होतो. चार-आठ दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि सारे निश्चिंत होतात. ही निश्चिंती फसवी आहे. असह्य ठणका उपचाराविना थांबणे ही पुष्कळदा बरे झाल्याची नव्हे, तर दाताची नस मेल्याची खूण असते.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. बाहेरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल, त्याखाली डेंटिन आणि मधल्या पोकळीत, मुळाच्या टोकापर्यंत उतरलेला मऊ गर. या गरात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. त्यालाच आपण बोलीत ‘नस’ म्हणतो. कीड वरच्या थरांत आहे तोवर ती काढून दात भरला की बहुधा काम भागते. कीड गरापर्यंत पोहोचली म्हणजे तो सुजतो. पण भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही. दाताचा ठणका इतका तीव्र असतो तो यामुळेच.

घरच्या घरी ओळखायची पहिली गोष्ट म्हणजे दुखणे किती वेळ टिकते. थंड पाणी किंवा गोड पदार्थ लागताच सणक येते आणि तो पदार्थ दूर होताच काही क्षणांत जाते. अशा वेळी गर बहुधा वाचवता येतो. लवकर गेल्यास साध्या भरणावर निभावते. मात्र घोट गिळून झाल्यावरही दुखणे रेंगाळत राहिले, गरम चहाने ठणका उठू लागला, काही न खाता-पिता आपोआप दुखू लागले किंवा रात्री आडवे पडताच कळ वाढून झोपमोड झाली, तर गर पूर्ववत होण्याच्या पलीकडे गेल्याचा संशय घ्यावा. आडवे पडल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्र जड जाते. या अवस्थेत नेमका कोणता दात दुखतो हेही अनेकदा सांगता येत नाही. कळ कानात किंवा कानशिलात जाते.

यानंतर येते ती शांतता. गर मेला की थंड-गरम काहीच जाणवत नाही. बँकेत थकीत खात्यावरची हालचाल थांबली म्हणून कर्ज फिटले असे कोणी मानीत नाही. येथेही तसेच आहे. जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत असतात. पुढे चावताना दात दुखतो, तो इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते व पुन्हा भरते, कधी दात काळपट पडतो. काहींना यांपैकी काहीही न होता केवळ एक्स-रेमध्ये दोष दिसतो.

प्रत्येक दुखणे रूट कॅनालचेच असते असेही नाही. सर्दीनंतर वरच्या साऱ्या दाढा दुखत असतील आणि खाली वाकल्यावर कळ वाढत असेल, तर सायनसचा विकार असू शकतो. कडक सुपारी फोडण्याची सवय असेल आणि चावून दाब सोडताना तीक्ष्ण कळ येत असेल, तर दाताला चीर गेलेली असू शकते. जिना चढताना जबडा दुखतो व थांबल्यावर राहतो, असे असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी. म्हणूनच निदान दंतवैद्यावर सोपवावे. ते दाताला थंड लावून, हलके ठोकून आणि एक्स-रे काढून खात्री करतात.

घरगुती उपायांची मर्यादाही जाणून घ्यावी. लवंगेचे तेल तात्पुरता आराम देते, कीड काढीत नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये; तेथील त्वचा भाजते. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेणे तर व्यर्थच. मेलेल्या गरात रक्तप्रवाह नसल्याने औषध तेथे पोहोचत नाही.

उपचाराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. जागा बधिर करून गर काढतात, मुळांतील नलिका साफ करून निर्जंतुक करतात आणि त्यांत गटापर्चा भरतात. हा पदार्थ एका झाडाच्या चिकापासून मिळतो. पुढच्या दाताला बहुधा एकच नलिका असते, दाढेला तीन किंवा चार. म्हणून वेळ व खर्च दोन्ही बदलतात. दाढेवर नंतर कॅप बसवणे बहुधा आवश्यक असते. तिच्यासह एकूण खर्च आधीच विचारून घ्यावा आणि कॅपचे काम अर्धवट सोडू नये, अन्यथा दाढ तुटण्याची भीती राहते. फारच कमी दात शिल्लक असेल तर काढणेच योग्य ठरते. तेही स्पष्ट विचारावे.

दवाखान्यात जाताना दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, किती वेळ टिकते आणि रात्री जाग येते का, हे कागदावर लिहून न्यावे. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भारपण यांची माहिती द्यावी. चौविहार पाळत असाल किंवा उपवास ठरलेला असेल, तर तेही सांगावे. भेटीच्या व औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात.

मात्र गालावरची किंवा हनुवटीखालची सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडण्यास, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडचण होत असेल, तर भेटीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत तर घरच्यांनीच पुढाकार घ्यावा. दुकान एक दिवस मुलाने उघडले तरी चालते.