परमुलखातील थडगी आणि त्यांची छायाचित्रे

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, अशी चालकांनी आज्ञा केली आणि मी हा विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. आनंदाच्या प्रसंगी थडग्यांची गोष्ट कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु बडोद्यातली आपण मराठी माणसे कोठून ना कोठून येथे आलेलो आहोत. घर सोडून गेलेल्या माणसाची माती शेवटी कोठे पडली, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

माझ्याच घरची हकीगत सांगतो. आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर खलाशी होते. मोंबासा बंदरात ते आजारी पडले आणि तेथेच वारले. तिथल्या जमातीच्या लोकांनी त्यांना दफन केले, दगडही बसवला. पुष्कळ वर्षांनी, मी चौथीत असताना, गावचा एक खलाशी त्या कबरीचा फोटो काढून घेऊन आला. धाकटी दादी लिहावाचायला शिकलेली नव्हती. पण नवऱ्याचे नाव तेवढे तिला ओळखता येई, कारण मनिऑर्डरीच्या प्रत्येक पावतीवर ते असे. तिने फोटो उजेडात धरून पाहिला आणि विचारले, "यात नाव कुठं आहे रे?"

नाव दिसतच नव्हते. भर दुपारच्या उन्हात काढलेली एक पांढरी फरशी, एवढेच त्या फोटोत होते. दादीने तो पेटीत ठेवला. भिंतीवर लावला नाही. फोटो काढणाऱ्याने कष्ट घेतले होते, मन लावून घेतले होते. पण दगडावरची अक्षरे कशाने दिसतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेच येथे सांगावे, असा माझा हेतू आहे.

सराव करण्यास सुरतेसारखी जागा नाही. बडोद्याहून रेल्वेने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रज, डच आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी कबरस्थाने आहेत. इंग्रजांच्या कबरस्थानात सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांचे घुमटदार स्मारक आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख हाच जॉर्ज होता. तो १६६९ मध्ये सुरतेसच वारला. ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी, १६५९ मध्ये गेला. त्याचा लॅटिन लेख जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला आहे. व्यापाऱ्याच्या आयुष्याचा हिशेब मृत्यूने मध्येच मागितला, असा त्याचा भाव आहे.

डच कबरस्थानातील मोठे स्मारक हेंड्रिक व्हान रीड याचे. मलबारचा डच अधिकारी असताना त्याने तेथील वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे काम सुरू केले. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी विद्वानांनी त्याला साहाय्य केले, आणि त्यांचे निवेदन देवनागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. व्हान रीड डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना समुद्रातच वारला. हॉलंडात जन्मलेला हा मनुष्य आज तापीकाठी झोपला आहे.

आता मुख्य मुद्दा. दगडात कोरलेले अक्षर रंगाने दिसत नाही, सावलीने दिसते. ऊन समोरून पडले की खाचेत सावली राहत नाही आणि अक्षर बुजते. ऊन दगडाला घासून, कडेने आले की प्रत्येक खाच भरून येते. म्हणून आडव्या फरशीचा फोटो सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना काढावा. दुपारी कधीही काढू नये. उभ्या दगडाचे उलट असते. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर मध्यान्हाच्या थोडे आधी, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्यावर मध्यान्हानंतर लगेच, ऊन वरून घासून उतरते. ती वेळ साधावी. उत्तरेकडे तोंड असलेल्या किंवा घुमटाखालच्या दगडावर ऊन बहुधा येत नाही. तेथे एका विद्यार्थ्याला आरसा घेऊन बाजूला, थोडे दूर उभे करावे आणि कवडसा तिरपा पाडून घ्यावा. आरसा नसला तर विजेरी दगडाच्या कडेला धरली तरी चालते. मग हातातल्या मोबाईलचा फोटोही उत्तम येतो.

अक्षर उठून दिसावे म्हणून काही लोक खडू, पीठ किंवा तेल चोळतात, किल्लीने खाच कोरतात, तारेच्या ब्रशने घासतात. यांपैकी काहीही करू नये. दगडाचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर नावही जाते. संरक्षित स्मारकाला तर हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी. तसेच कबरस्थान कोणत्याही धर्माचे असो, राखणदाराला विचारून, पायरव सांभाळून आत जावे.

प्रत्येक थडग्याचे निदान तीन फोटो घ्यावेत: आजूबाजूच्या खुणांसह एक, संपूर्ण दगडाचा एक आणि लेखाचा जवळून एक. वहीत जागा, ओळ, दिशा आणि तारीख लिहावी. लेख उतरवून घेताना चुकीचे अक्षर सुधारू नये, तुटलेले भरून काढू नये.

वर्षाच्या बाबतीत विशेष जपावे. हिजरी वर्ष चांद्र असते, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे ठराविक आकडा मिळवून इसवी सन काढता येत नाही. फारसी लेखात पुष्कळदा आकडा नसतोच. ओळीतल्या अक्षरांची ठरलेली मूल्ये मिळवून साल निघते. आर्मेनियन लेखातही अक्षरेच आकड्यांचे काम करतात, आणि त्यांच्या जुन्या सनात ५५१ मिळवले की बहुधा इसवी सन येतो. इंग्रजांचे नवे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांत एका वर्षाचा घोळ होतो. एक अक्षर हुकले की साल हुकते. आपल्याला लिपी येत नसली तरी हरकत नाही. फोटो स्पष्ट असला तर वाचणारा कोठेतरी भेटतोच. हिंदुस्थानातील अशा थडग्यांच्या नोंदी जमविणारी एक संस्था इंग्लंडात १९७६ पासून काम करीत आहे.

आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. बडोद्यातील जुनी कबरस्थाने आणि समाधिस्थाने यांची एक वही आपल्या कार्यालयात राहावी. आणि आपल्यापैकी जे आफ्रिकेत, आखातात, विलायतेत जातात, त्यांनी तेथे आपल्याकडच्या कोणाचा दगड दिसला तर फोटो अवश्य काढावा.

मात्र तेथून हलण्यापूर्वी तो एकदा नीट पाहावा. नाव वाचता येत नसेल, तर सकाळी पुन्हा यावे.