शेडनेट-पॉलिहाऊस: वारा आत, पांढरी माशी बाहेर!

खांब, कोलाड, रोहा पट्ट्यात शेडनेट किंवा पॉलिहाऊस उभारायचा विचार करणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे नुसता उकाडा, त्यात दमट हवा. त्यामुळे पंखा-पॅडने गारवा फारसा मिळत नाही. भिस्त वाऱ्यावरच. पण वाऱ्यासाठी बाजू उघड्या ठेवल्या की पांढरी माशी शिरते आणि मिरची-टोमॅटोवर बोकड्या आणते.

म्हणून कीडरोधक जाळी. पांढरी माशी अडवायला 0.46 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्र लागतं, साधारण 40 मेशची जाळी पुरते. फुलकिड्यांना मात्र 0.19 मिलिमीटर! इतकी बारीक जाळी लावली की हवा कोंडते, फुलं गळतात. माझं स्पष्ट मत: कोकणात 40 मेश लावा आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे टांगा.

जाळीने वारा अडतो, तो भरून काढायला जाळीचं क्षेत्र वाढवा. बाजूच्या भिंती उंच घ्या. गरम हवा वर जाते, म्हणून माथ्यावर खिडकी हवीच. तिचं तोंड वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा, म्हणजे जाता वारा आतली गरम हवा ओढून घेतो. दाराला दुहेरी कप्पा करा, एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं.

आणि जाळी धुवा! महामार्गाची धूळ आणि पावसाळ्यातलं शेवाळ छिद्रं बुजवतं. उन्हासमोर धरून पाहा, लगेच कळतं.

उभारणीआधी रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन एकदा आराखडा दाखवा.