जुन्या खुनाचा तपास मुद्देमालाच्या खोलीत

अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या पडक्या विहिरीत अनोळखी प्रेत सापडले, की पुढचे सगळे ठरल्या वाटेने जाते. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन करणारे डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात. घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा दाखल होतो. मयताची ओळख पटली नाही आणि आरोपीचा माग लागला नाही, तर कालांतराने न्यायालयाला ‘अ समरी’ जाते: गुन्हा खरा आहे, पण उघडकीस आलेला नाही. फाईल कपाटात जाते आणि लाखेचे सील लावलेले रक्ताचे कपडे मुद्देमालाच्या खोलीत.

गावाच्या लेखी प्रकरण तिथे मिटते. कायद्याच्या लेखी मिटत नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. वीस वर्षांनी नवा पुरावा हाती आला तरी तपास पुन्हा उघडता येतो. गेल्या चाळीस वर्षांत न्यायवैद्यक विज्ञान इतके पुढे गेले आहे, की तो नवा पुरावा अनेकदा त्या जुन्या पुडक्यातच निघतो. अट एकच, पुडके शाबूत हवे.

विष सापडले नाही, फोटो सापडला

लक्ष्मीबाई कर्वे खून खटला पुण्यातल्या जुन्या पिढीला आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री लक्ष्मीबाई त्यांचा डॉक्टर अनंत लागू याच्यासोबत पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसल्या. पहाटे त्यांना बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात नेण्यात आले. लागूने तिथे त्यांचे नाव भलतेच सांगितले. त्याच दिवशी त्या गेल्या. बेवारस ठरलेले प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जायच्या बेतात होते. तेवढ्यात गळ्यावरची एक खूण लक्षात आली आणि शवविच्छेदन झाले. व्हिसेऱ्यात रासायनिक विश्लेषकांना कुठलेही विष सापडले नाही.

इकडे नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने बनावट पत्रे येत होती. पण बेवारस प्रेताचा फोटो पोलिसांनी काढून ठेवला होता. तो पुढे ओळख पटवायला कामी आला आणि १९५८मध्ये लागूला अटक झाली. विष सापडले नसतानाही परिस्थितीजन्य पुराव्यावर फाशीची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या काळचे विज्ञान तोकडे पडले, तरी राखून ठेवलेल्या एका फोटोने तपास तारला.

डीएनएने काय बदलले

सप्टेंबर १९८४मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत गवसली. त्याच परिसरात १९८३ आणि १९८६मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीत दोन्ही गुन्ह्यांतला माणूस एकच असल्याचे आणि तो हा मुलगा नसल्याचे दिसले. मुलगा सुटला. मग परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेण्यात आले. कॉलिन पिचफोर्कने स्वतःऐवजी सहकाऱ्याला पाठवून चाचणी चुकवली, पण ते बिंग फुटले आणि जानेवारी १९८८मध्ये त्याला जन्मठेप झाली. डीएनएने आधी निरपराध सोडवला आणि मग गुन्हेगार पकडून दिला, हे विसरता कामा नये. भारतात हे तंत्र डॉ. लालजी सिंह यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत उभे केले.

आपल्या डीएनएत काही ठरावीक जागी छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात. ते किती वेळा येतात, हे माणसागणिक वेगळे असते. अशा वीसेक जागांचे आकडे मांडले की जी मालिका तयार होते, ती एकरूप जुळी भावंडे सोडली तर दोन माणसांत जुळण्याची शक्यता नगण्य असते. सुरुवातीला त्यासाठी नाण्याएवढा ताजा डाग लागे. पीसीआर तंत्रामुळे अत्यल्प डीएनएच्या लाखो प्रती काढता येऊ लागल्या आणि मोजक्या पेशींवरही काम भागू लागले. प्रेत कुजले तरी दात आणि मांडीचे हाड डीएनए दीर्घकाळ सांभाळतात. मुळाशिवायच्या केसातून मातेकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळू शकतो. त्याने एकच माणूस ठरत नाही, पण आईकडचे नाते कळते. बोटांच्या ठशांचे तंत्रही असेच पुढे गेले. पूर्वी जुळणी डोळ्यांनी करावी लागे. आज महाराष्ट्र पोलिसांच्या ‘अँबिस’ प्रणालीत जुन्या गुन्ह्यातला ठसा टाकून संगणकाकडून पडताळून घेता येतो.

साखळी कुठे तुटते

२३ मे २०१२ रोजी रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या गागोदेच्या हद्दीत जळालेले मानवी अवशेष सापडले. पोलिसांनी नमुने घेतले, उरलेले तिथेच पुरले, पण गुन्हा दाखल केला नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५मध्ये, शीना बोरा या तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात अटक झाल्यावर ती जागा पुन्हा खणली गेली आणि हाडांची डीएनए चाचणी झाली. पुढे २०२४मध्ये, खटला चालू असताना, ती हाडे सापडत नसल्याचे सीबीआयने न्यायालयात सांगितले. नंतर ती सीबीआयच्याच दिल्लीतल्या कार्यालयात मिळाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण देशभर गाजलेल्या खटल्यात हे होत असेल, तर तालुक्याच्या ठाण्यातल्या पुडक्याचे काय होत असेल?

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातले. २०१०मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. डीएनए अहवाल होता, पण नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा नव्हता आणि ते दूषित झाल्याची शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही. अशा निकालानंतर मुलीच्या आईवडिलांच्या हाती काहीच उरत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर जातो. रक्ताने ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, तर आत बुरशी धरते आणि डीएनए नासतो. तोच शर्ट सावलीत वाळवून, कागदी पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांचे लेबल लावून सीलबंद केला आणि कोरड्या जागी ठेवला, तर वर्षानुवर्षे टिकतो. या कामाला लागतो तो कागद, लाख आणि शिस्त. अहमदपूरच्या एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला नांदेड आणि नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तज्ज्ञ घडवणारी शासकीय संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. पुडके तिथपर्यंत नीट आणि वेळेत पोहोचवणे ही ठाण्याची जबाबदारी.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)ने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. मात्र अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी आहे. नव्या गुन्ह्यांची सोय त्याने होईल. जुन्यांचे काय?

अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या डोंगराळ पट्ट्यातली माणसे ऊसतोडीला आणि पुणे-मुंबई-हैदराबादला पोटासाठी जातात. कुणी परत येत नाही, तेव्हा बेपत्ताची नोंद इथल्या ठाण्यात होते. अनोळखी प्रेताची नोंद शेकडो मैलांवरच्या ठाण्यात पडून असू शकते. डीएनएच्या आधारे या दोन नोंदी जोडू शकणारी पेढी उभारण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९मध्ये लोकसभेत आले. जुलै २०२३मध्ये ते मागे घेतले गेले. नागरिकांच्या खासगीपणाबद्दलचे आक्षेप रास्तच होते. पण बेपत्तांच्या नातेवाइकांनी राजीखुशीने दिलेले नमुने आणि अनोळखी प्रेतांचे नमुने एवढ्यापुरता मर्यादित कायदा करायला अडचण नसावी. शासनाने तो करावा. ‘अ समरी’त गेलेल्या प्रत्येक खुनाचा मुद्देमाल जिल्हा पातळीवर मोजून घ्यावा आणि त्यातली जैविक वस्तू नष्ट करायला बंदी घालावी.

वाचकांनाही एक सांगणे आहे. घरातले माणूस बेपत्ता असेल तर नोंदीचा क्रमांक घेऊन ठेवा. त्याचा कंगवा, दात घासायचा ब्रश, न धुतलेले कपडे टाकून देऊ नका, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. कुठे अनोळखी प्रेत सापडल्याचे कळले, तर डीएनए पडताळणीसाठी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.